लवचिक पीव्हीसी ताडपत्रीवरील टिकाऊ अक्षरलेखन : खापरखेडा परिसरातील मालवाहतुकीच्या संदर्भात

प्रस्तावना

नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुक्यात वसलेले खापरखेडा हे गाव तेथील औष्णिक विद्युत केंद्रामुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक अशा पाच संचांची मिळून या केंद्राची क्षमता १३४० मेगावॅट इतकी आहे. सिल्लेवाडा, वलनी हा कोळसा खाणींचा पट्टा लगतच आहे. भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. त्यामुळे अशा केंद्राच्या परिसरातील रस्त्यांवर कोळशाइतकीच राखेचीही वाहतूक चालते. राखेच्या विनियोगासंबंधी केंद्र सरकारची पहिली अधिसूचना १९९९ मध्ये निघाली. २०१६ च्या दुरुस्तीने राखेच्या वापराची कक्षा ३०० किलोमीटरपर्यंत वाढविली. म्हणजे राखेचा ट्रक आता केवळ शेजारच्या वीटभट्टीपर्यंत जात नाही, तो जिल्ह्याच्या सीमा ओलांडतो. कोरडी राख बंद टाकीच्या बल्करमधून जाते. राखबंधाऱ्यातील ओलसर राख मात्र उघड्या ट्रकमध्ये भरली जाते आणि तिच्यावर ताडपत्री ताणली जाते.

या ताडपत्रीवर ट्रकमालकाचे किंवा वाहतूक संस्थेचे नाव, गाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिण्याची प्रथा जुनी आहे. तिचा उगम जाहिरातीपेक्षा राखणीच्या गरजेत असावा. ताडपत्री ही महाग वस्तू असून भरणीच्या वा उतरणीच्या जागी ती सहज बदलली जाते, आणि नाव लिहिलेली ताडपत्री पचविणे कठीण जाते. राखेच्या रस्त्यावर या लेखनाला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोठ्या वाहनांच्या क्रमांकपट्टीवरील अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर असते. राखेच्या थराखाली ती दिसेनाशी होण्यास एक फेरीही पुरते. ज्याच्या कपाशीवर वा अंगणात सैल बांधलेल्या ट्रकमधून राख उडते, त्या रस्त्याकडेच्या माणसाला दुरून वाचता येईल असा ट्रकचा सर्वांत मोठा पृष्ठभाग म्हणजे ताडपत्रीच होय. त्यावरील नाव वाचता आले तर तक्रार कोणाची करावयाची हे त्याला कळते. नाव सोलून गेले असेल तर उरते ती केवळ राख.

ट्रकच्या लोखंडी आणि लाकडी बांधणीवर वर्षानुवर्षे टिकणारी अक्षरे काढणाऱ्या कुशल पेंटरची अक्षरे ताडपत्रीवर मात्र काही महिन्यांतच का निखळतात, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. हा दोष सर्वसाधारणपणे हाताला किंवा रंगाच्या हलक्या प्रतीला दिला जातो. दोष बहुधा दोन्हींत नसतो. तो रंग आणि कापड यांच्यामधील संबंधात असतो, आणि तो समजून घेण्यासाठी प्रथम कापड ओळखावे लागते.

ताडपत्री एक नव्हे, तीन

इंग्रजी शब्दात डांबर आहे, मराठी शब्दात ताडाचे पान आहे, आणि आज वापरात असलेल्या वस्तूत दोन्हींपैकी काहीच नाही. बाजारात एकाच नावाखाली किमान तीन भिन्न पदार्थ विकले जातात.

पहिली, मेण वा तत्सम द्रव्याने जलरोधक केलेली सुती कॅनव्हासची ताडपत्री. हिचे धागे उघडे असल्याने रंग त्यांत मुरतो व यांत्रिक रीतीने अडकून बसतो. जुन्या पेंटरचा अनुभव या कापडावर घडलेला आहे. दुसरी, उच्च घनतेच्या पॉलिथिनच्या पट्ट्या विणून दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचाच थर दिलेली हलकी ताडपत्री, जी शेतकरी सोयाबीनच्या गंजीवर टाकतात. तिसरी म्हणजे पॉलिएस्टरच्या विणलेल्या कापडावर मऊ पीव्हीसीचा थर चढविलेली जड ताडपत्री. युरोपात ट्रकच्या बाजूंना सरकत्या पडद्यांसारखे जे कापड लावले जाते तेही याच जातीचे. अशा पडदेवजा बांधणीचा प्रसार ब्रिटनमधील बोअलॉय या कंपनीच्या १९६९ च्या रचनेपासून झाला. भारतात पडद्यांचे ट्रक तुलनेने कमी असले तरी कापड तेच आणि त्यावर अक्षरे टिकविण्याची अडचणही तीच.

रंग एखाद्या पृष्ठभागावर पसरून चिकटण्यासाठी त्या पृष्ठभागाची ऊर्जा पुरेशी असावी लागते. पॉलिथिनची पृष्ठऊर्जा सेंटिमीटरला सुमारे ३१ डाइन, तर पीव्हीसीची सुमारे ३९ डाइन असते. आकड्यांतील हा फरक लहान वाटला तरी व्यवहारात तो निर्णायक ठरतो. शिवाय पॉलिथिन सामान्य तापमानाला कोणत्याही नेहमीच्या थिनरला दाद देत नाही, उलट पीव्हीसी काही द्रावकांत फुगते. म्हणून पॉलिथिनच्या ताडपत्रीवर ब्रशने लिहिणे हे जवळजवळ व्यर्थ श्रम होत. तिच्यावरील छपाई कारखान्यात, पृष्ठभागावर विद्युत प्रक्रिया करूनच केली जाते. ज्या मालकाला नाव टिकावे असे वाटते त्याने ती ताडपत्री मुळात नावासाठी निवडूच नये, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

पीव्हीसी आणि पॉलिथिन ओळखण्याची सोपी खूण वजन आणि स्पर्श ही आहे. पीव्हीसीची ताडपत्री जड, मऊ आणि किंचित चिकट भासते, तर पॉलिथिनची हलकी असून घडी घालताना कडकडते. कोपऱ्यातील एक लहान कातरण पाण्यात टाकल्यास पॉलिथिन तरंगते, पीव्हीसी बुडते. जाळून पाहण्याची पद्धत मात्र टाळावी, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते.

ऑइल पेंट का सोलतो

पीव्हीसी हा मुळात कडक पदार्थ आहे. शेतातील पाण्याचे पाइप त्याचेच असतात. फ्रान्समधील रेन्यो यांनी १८३५ मध्ये आणि जर्मनीतील बाउमान यांनी १८७२ मध्ये तो प्रयोगशाळेत पाहिला होता, परंतु त्याला मऊपणा देण्याची रीत अमेरिकेतील वाल्डो सेमन यांना १९२६ मध्ये गवसली. ही रीत म्हणजे पीव्हीसीच्या लांब साखळ्यांमध्ये प्लास्टिसायझर म्हणजेच मृदुकारक असे तेलकट द्रव्य मिसळणे. ताडपत्रीच्या थरात या द्रव्याचा वाटा मोठा असतो. एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक वाटा असणे नवलाचे नाही. महत्त्वाची बाब अशी की, हे द्रव्य पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते. ते साखळ्यांच्या दरम्यान केवळ वस्तीला असते. उष्णतेने त्याची हालचाल वाढते आणि ते हळूहळू पृष्ठभागाकडे सरकते. नव्या ताडपत्रीचा जो किंचित चिकट स्पर्श म्हणून वर सांगितला, त्यामागे मुख्यतः हेच कारण आहे.

आता अशा पृष्ठभागावर पेंटर नेहमीचा ऑइल पेंट लावतो असे समजू. हा रंग अल्किड जातीचा असतो. त्यातील तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, आणि काही तासांत हाताला कोरडा लागला तरी त्याची ही क्रिया पुढे महिनोन्महिने चालू राहते. लोखंडावर हे कडक होणे गुणच ठरते. ताडपत्रीवर त्याच क्रियेला दोन विरुद्ध दिशांनी सुरुंग लागतो. खालून मृदुकारक द्रव्य रंगाच्या पापुद्र्यात शिरते, रंग पुरता सुकत नाही, चिकट राहतो, आणि पांढरी अक्षरे राखेचे कण धरून पाहता पाहता करडी होतात. वरून सूर्यप्रकाश आणि हवा त्याच पापुद्र्याला ठिसूळ करीत असतात. परिणामी तळाला मऊ व निसरडा आणि माथ्याला कडक असा थर तयार होतो. ताडपत्रीची पहिली घडी पडताच तो तडकतो आणि तडकलेल्या कडेतून वारा, पाणी व राख शिरून त्याचे पोपडे उडतात.

नागपूरच्या हवामानात हे सारे वेगाने घडते. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. ही हवेची नोंद आहे. उन्हात उभ्या असलेल्या ट्रकची गडद ताडपत्री याहून पुष्कळ अधिक तापते. राखेचे स्वरूपही ध्यानात घ्यावयास हवे. ती मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना यांची बनलेली असून तिचे सूक्ष्म कण कठीण असतात. बंधाऱ्यातील राखेत भट्टीच्या तळाची जाड राखही मिसळलेली असते. ताडपत्री ओढताना आणि गुंडाळताना अक्षरांवर एक प्रकारे पॉलिश पेपरच फिरत असतो.

घडीचे साधे गणित

कापडाला बाक दिला की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते. मध्यभागी विणलेले कापड असलेल्या ०.७ मिलिमीटर जाडीच्या ताडपत्रीला ५ मिलिमीटर त्रिज्येचा बाक दिला तर बाह्य पृष्ठभाग सुमारे साडेसहा टक्के ताणला जातो. हीच घडी पायाखाली दाबून त्रिज्या १ मिलिमीटर झाली तर ताण २६ टक्क्यांच्या आसपास जातो. मऊ पीव्हीसी हा ताण सहज सोसते. काही महिने ऊन खाल्लेला अल्किड रंग त्याच्या अल्पांशानेही तुटतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. ताडपत्रीवरील अक्षराचा रंग स्वतः तिच्याइतकाच लवचिक असावा लागतो, आणि त्याचा थर पातळ असावा लागतो. हा दुसरा मुद्दा पेंटरच्या सवयीविरुद्ध जातो. लोखंडावर दोन हात दिल्याने रंग अधिक टिकतो, म्हणून ताडपत्रीवर तीन हात दिले जातात, आणि जितका थर जाड तितका तो लवकर तडकतो.

मुरणारी शाई

या अडचणीवरील उपाय शेतकऱ्यांच्या आणि नळकाम करणाऱ्यांच्या हातात पूर्वीपासूनच आहे. पीव्हीसीचे पाइप जोडताना जे 'सोल्युशन' लावले जाते ते प्रचलित अर्थाने डिंक नव्हे. ते पाइपाचा आणि सॉकेटचा पृष्ठभाग किंचित विरघळविते. दोन्हींच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा उरत नाही, एकच पदार्थ उरतो. ताडपत्रीसाठी असलेली व्हिनाइल शाई याच तत्त्वावर चालते. तिच्यात पीव्हीसीच्याच गोत्रातील राळ, बहुधा अॅक्रिलिक राळेच्या जोडीने, सायक्लोहेक्झॅनोनसारख्या द्रावकात विरघळविलेली असते. द्रावक ताडपत्रीच्या वरच्या थराला फुगवितो आणि शाईतील राळ त्यात शिरते. सुकल्यानंतर शाई ताडपत्रीवर बसलेली नसते, तिच्या वरच्या थराचाच भाग झालेली असते. सोलण्यासाठी जी सीमा लागते तीच येथे पुसट होते.

ही शाई स्क्रीन छपाईने किंवा स्टेन्सिल व स्प्रेच्या साहाय्याने लावता येते. एकाच संस्थेच्या वीस-पंचवीस ताडपत्र्या असतील तर स्क्रीनचा खर्च परवडतो. एकट्यादुकट्या ट्रकमालकासाठी स्टेन्सिलच योग्य. ब्रशनेही ती लावता येते, पण द्रावक झपाट्याने उडत असल्यामुळे ऑइल पेंटप्रमाणे ब्रश मागेपुढे फिरविण्यास सवड मिळत नाही. एक फटकारा, आणि पुढे. ज्याचा हात घोटलेला आहे त्या पेंटरला हे फारसे अवघड जाणार नाही.

शाईपेक्षाही पूर्वतयारी अधिक महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच घाईत वगळली जाते. साबणाच्या पाण्याने राख व डिझेलचा तेलकटपणा धुवून, साबण पूर्ण निघेपर्यंत स्वच्छ पाणी मारून ताडपत्री वाळवावी. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेल्या पांढऱ्या फडक्याने केवळ अक्षरांची जागा पुसावी. फडके वारंवार बदलावे, अन्यथा काढलेले तेल पुन्हा तेथेच पसरते. रॉकेल किंवा डिझेल वापरू नये, कारण ते स्वतःच तेलाचा पापुद्रा मागे ठेवतात. तीव्र थिनरने घासघासून पुसणे त्याहून वाईट होय. तसे केल्यास मृदुकारक द्रव्य बाहेर ओढले जाते आणि तेवढीच जागा कालांतराने कडक होऊन चिरते.

काही उंची ताडपत्र्यांवर मळ धरू नये म्हणून वरून एक लाखेसारखा पारदर्शक थर दिलेला असतो. हा थर अॅक्रिलिकचा असेल तर शाई त्याला धरते. तो फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचा असेल तर जो गुण मळाला रोखतो तोच शाईलाही रोखतो. अशा वेळी उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात छपाईयोग्य बाजू कोणती हे पाहणे क्रमप्राप्त ठरते.

ऋतूचा विचारही गौण नाही. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या ताडपत्रीवर द्रावक पृष्ठभागाला फुगविण्याआधीच उडून जातो आणि उत्तम शाईही वरवर बसते. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर, सावलीत आणि सावकाश उडणारा थिनर मिसळून करावे. पावसाळ्यात दमट हवेतील बाष्प ओल्या शाईवर धरून तिच्यावर पांढुरकी झाक येते. विदर्भात या कामास कार्तिक ते माघ हा काळ सर्वांत अनुकूल आहे. शाई अर्ध्या तासात हाताला कोरडी लागली तरी आत अडकलेला द्रावक निघण्यास किमान एक दिवस द्यावा. त्याच संध्याकाळी ताडपत्री गुंडाळली तर अक्षरांचा ठसा समोरच्या पदरावर उमटतो आणि उलगडताना अर्धे अक्षर तिकडेच राहते.

ट्रकच्या रंगकामात रूढ असलेला, हार्डनर मिसळून वापरायचा पीयू रंगही लवचिक प्रकारचा निवडल्यास चालतो आणि घर्षणाला तो अधिक टिकतो. परंतु त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वसनमार्गाला घातक असते. स्प्रे करताना नाकाला रुमाल बांधणे म्हणजे संरक्षण नव्हे. व्हिनाइल शाईचे द्रावकही बंद खोलीत वापरण्याजोगे नाहीत.

चिकटपट्टी, फ्लेक्स आणि जोडाक्षरे

स्वतः चिकटणारी व्हिनाइलची अक्षरे स्वच्छ दिसतात, लवकर लागतात आणि ताडपत्रीवर तितक्याच लवकर उचकटतात. मृदुकारक द्रव्य चिकटद्रव्यात शिरून त्याला मऊ करते आणि घडीच्या जागी कडा सुटतात. ताडपत्रीसाठी खास बनविलेल्या पट्ट्यांचा याला अपवाद असतो, पण दुकानात सहज मिळते ती पट्टी काच व पत्रा यांच्यासाठीची असते.

डिजिटल फ्लेक्स छपाईबाबत थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्लेक्सने पेंटरच्या हातातून दुकानांच्या पाट्या काढून घेतल्या. फ्लेक्सही पॉलिएस्टर आणि पीव्हीसीचेच असल्याने ताडपत्रीचे कामही त्यावर होईल असा समज आहे. तथापि फलकाचे फ्लेक्स बांबूच्या चौकटीवर स्थिर राहण्यासाठी बनते. त्याची वीण विरळ असते आणि त्यावरील शाईचा अतिपातळ थर घासण्यासाठी नसतो. गोठ्याच्या छपरावर टाकलेल्या जुन्या फ्लेक्सवरील पुढाऱ्याचे हास्य दोनेक पावसाळे टिकते खरे, पण गोठा ताशी साठ किलोमीटर वेगाने धावत नाही. ताडपत्रीवरील लेखन हे आजही हाताच्या कारागिराला राखता येण्याजोगे काम आहे, मात्र डबा बदलण्याची तयारी असेल तरच.

सर्वांत टिकाऊ पद्धत म्हणजे दुसऱ्या रंगाच्या त्याच जातीच्या ताडपत्रीतून अक्षरे कापून ती गरम हवेच्या यंत्राने मूळ ताडपत्रीवर वितळवून जोडणे. मोठ्या कारखान्यांत हेच काम २७.१२ मेगाहर्ट्झच्या उच्च वारंवारतेच्या यंत्रावर होते. येथे अक्षर आणि ताडपत्री एकाच पदार्थाचे असल्याने दोघांचे ताणणे-आकसणे एकच राहते. अशा अक्षरांचे कोपरे गोलसर कापावेत, कारण टोकदार कोपरा दोरीला अडकून उचलला जातो. खर्च आणि श्रम पाहता ही पद्धत संस्थेच्या नावातील दोनचार मोठ्या अक्षरांपुरती योग्य आहे.

शिरोरेखेचा प्रश्न

या विषयावरील तांत्रिक मार्गदर्शन रोमन लिपी गृहीत धरून लिहिले जाते. देवनागरीच्या काही अडचणी वेगळ्या आहेत आणि त्यांचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागतो.

पहिली अडचण शिरोरेखेची. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यामुळे उभी घडी बहुधा दोन अक्षरांमधील रिकाम्या जागेत सामावते. देवनागरीत शब्दाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंगाची अखंड आडवी पट्टी जाते आणि प्रत्येक उभी घडी तिला छेदते. तडा प्रथम शिरोरेखेत जातो व तेथून खाली उतरतो. युरोपात २०११ पासून नव्या मोठ्या मालवाहनांवर परावर्ती पट्ट्या सक्तीच्या आहेत. पडद्याच्या कापडासाठी त्या अखंड न करता लहान तुकड्यांत विभागलेल्या बनविल्या जातात, जेणेकरून ताण तुकड्यांमधील फटीत जिरावा. हीच युक्ती शिरोरेखेला लागू करता येईल. प्रत्येक अक्षरागणिक शिरोरेखेत दोनतीन मिलिमीटरची फट ठेवली तर दहा पावलांवरून ती दिसत नाही आणि तडा पुढच्या अक्षरात जाण्यास वाटही राहत नाही. गुजरातीने शिरोरेखा सोडून दिली आणि तिचे वाचन अडले नाही, हे येथे सहज आठवते.

दुसरी अडचण स्टेन्सिलची. व, ब, क, ष यांसारख्या अक्षरांतील बंद पोकळी स्टेन्सिल कापताना गळून पडते. तिला धरून ठेवण्यासाठी पूल ठेवावा लागतो. हा पूल गाठीच्या बाजूला न ठेवता काना व गाठ जेथे मिळतात तेथे ठेवल्यास अक्षराचा घाट बिघडत नाही. 'ब' ची तिरपी रेघ मात्र शेवटी हातानेच भरावी. ती स्टेन्सिलमध्ये बुजली तर 'ब' चा 'व' होतो आणि मालकाचे आडनावच बदलते.

तिसरी बाब उंचीची. रस्त्यावरील पाट्यांच्या शास्त्रात एक इंच उंचीच्या रोमन मोठ्या अक्षराला सुमारे तीस फुटांचे वाचनांतर धरण्याचा प्रघात आहे. देवनागरीत वेलांटी, मात्रा आणि उकार यांसाठी वरखाली जागा द्यावी लागते, त्यामुळे त्याच पट्टीत मूळ अक्षराचा आकार लहान होतो आणि हे अंतर घटते. नावासाठी मूळ अक्षर आठ ते दहा इंचांचे आणि दूरध्वनीचे आकडे सहा इंचांचे घेणे रास्त ठरेल. जोडाक्षरे आडवी मांडावीत, उभी रचू नयेत.

शब्दांच्या निवडीवर शासनाचीही नजर असते. ट्रकच्या मागील 'हॉर्न ओके प्लीज' या मजकुरावर महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये बंदी घातली होती.

रंगद्रव्य आणि परीक्षा

शाई टिकली तरी रंग उडू शकतो, कारण रंग हा राळेचा नव्हे तर रंगद्रव्याचा गुण आहे. काजळीचा काळा, रुटाइल जातीचा टायटॅनियमचा पांढरा, लोह ऑक्साइडचा तांबडा आणि थॅलोसायनिनचे निळा व हिरवा हे उन्हात दीर्घकाळ टिकतात. झगझगीत फ्लुरोसंट नारिंगी, गुलाबी रंग एका उन्हाळ्यातच विटतात. ट्रकवरचा परंपरागत पिवळा अनेकदा शिशाच्या क्रोमेटचा असतो. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घातली, औद्योगिक रंग मात्र त्या नियमांच्या बाहेर राहिले. पेंटर तो ब्रश दातांत धरतो, याचा विचार व्हावयास हवा. गडद निळ्या किंवा काळ्या ताडपत्रीवर पांढरे अक्षर सर्वांत दुरून वाचले जाते, परंतु राखेच्या वाहतुकीत पांढरे व करडे यांचा भेद लवकर मिटतो. तेथे पिवळसर अथवा फिकट ताडपत्रीवर काळे अक्षर अधिक उपयुक्त ठरते.

लेखनाची परीक्षा घेण्यासाठी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. कोपऱ्यात नमुना काढून एका दिवसाने ब्लेडने हलक्या हाताने सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा माराव्यात. त्या शाईतून जाव्यात, धाग्यापर्यंत पोहोचू नयेत. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढावी. पंचवीस चौकटींपैकी किती सुटल्या ते पाहावे. नंतर तोच भाग मुठीत पन्नासेक वेळा चुरगाळून पुन्हा पट्टी लावावी. तिसरा नमुना समोरासमोर घडी घालून विटेखाली दिवसभर उन्हात ठेवावा. ही सारी परीक्षा आठवड्याने पुन्हा करणे अगत्याचे आहे, कारण मृदुकारक द्रव्य वर सरकण्यास वेळ लागतो. पहिल्या दिवशी उत्तीर्ण झालेला ऑइल पेंटचा नमुना आठव्या दिवशी बोटाने निघतो, आणि पैसे पहिल्याच दिवशी दिलेले असतात.

नाव बदलते तेव्हा

टिकाऊपणाची एक बाजू क्वचितच विचारात घेतली जाते. ट्रक विकला जातो, ताडपत्री दुसऱ्याकडे जाते, दूरध्वनी क्रमांक बदलतो. ऑइल पेंटची अक्षरे खरवडून निघतात, तरी त्यांच्याखालील ताडपत्री उन्हापासून झाकलेली राहिल्याने जुन्या नावाची गडद छाया मागे राहते. व्हिनाइल शाई तर पुसताच येत नाही. तिला विरघळविणारा द्रावक ताडपत्रीचा थरही घेऊन जातो, आणि उघडा पडलेला पॉलिएस्टरचा धागा पाणी शोषू लागतो. यावर मूळ ताडपत्रीच्या रंगाच्याच व्हिनाइल शाईचा भरीव चौकोन जुन्या नावावर मारणे हा स्वस्त मार्ग आहे. अधिक चांगला मार्ग प्रारंभीच योजावा लागतो. संस्थेचे नाव थेट ताडपत्रीवर लिहावे, आणि बदलण्याचा संभव असलेला क्रमांक त्याच कापडाच्या वेगळ्या पट्टीवर छापून ती पट्टी चारही कडांनी गरम हवेने जोडावी. पुढे क्रमांक बदलल्यास जुनी पट्टी उखडू नये, कारण ती उखडताना खालचा थरही निघतो. चारही बाजूंनी दोन बोटे मोठी नवी पट्टी तिच्यावरच बसवावी, म्हणजे नवा जोड पूर्वी न तापलेल्या जागेवर पडतो.